नालायकीचा दाखला

भेस्तान, सुरत
१४ जून १९९२

परमपूज्य तपस्विनी सरलाबाई यांच्या चरणी गायत्रीचा दंडवत प्रणाम.

आम्ही सर्व येथे परमेश्वरकृपेने कुशल आहोत. आबा रोज पहाटे स्मरण करून पलसाण्याला डाइंग मिलमध्ये जातात. मी यंदा बारावीत आहे. मार्चमध्ये परीक्षा झाली की आबांनी माझ्या जन्माच्या वेळी बोलल्याप्रमाणे मला आश्रमात अर्पण करायचे आहे. तोपर्यंत दर महिन्याला मी पत्राने शंका विचाराव्यात आणि आपण मला तयार करावे, अशी आबांची विनंती आहे. मला फार आनंद झाला आहे.

इथपर्यंत आबा शेजारी बसून सांगत होते. आता ते पाणी भरायला गेलेत. नळ जाईपर्यंत येणार नाहीत, म्हणून खालचं भरभर लिहिते. अक्षर माफ करा.

फुई, मला आनंद झालेला नाही. (तपस्विनीला फुई म्हणायचं नाही असं आबा सांगतात, पण तुम्ही त्यांच्या सख्ख्या बहीण. आत्याला मी दुसरं काय म्हणणार?) मी सातव्या महिन्यात जन्मले, वाचेना, तेव्हा आबा बोलून बसले की पोर वाचली तर ती आश्रमाची. मी वाचले. त्यात माझा काही दोष नाही.

माय सांगते की मला घ्यायचं की नाही, हे महंतबाबा तुमच्या शब्दावर ठरवणार. तर तुम्ही त्यांना कळवा की पोर नालायक आहे. मी पुरावे देते.

पहिला पुरावा. दर रविवारी आमच्या खोलीत महानुभाव पंथाची मंडळी जमतात आणि आबा लीळा सांगतात. मी लीळा ऐकत नाही, ऐकणाऱ्यांची तोंडं बघत बसते. पुष्पाबाई तिसऱ्या वाक्याला पेंगतात आणि जेवणाचा उल्लेख आला की जाग्या होतात. आबा दारापाशी बसायचे, तेव्हा सगळे त्यांच्या खांद्यावरून रस्ता बघायचे. मी आबांना उचलून भिंतीशी बसवलं, उजेड तोंडावर येईल असं. आता कुणी हलत नाही. आबांना वाटतं भक्ती वाढली.

दुसरा पुरावा. आपल्याकडे पाच कृष्णांशिवाय कुणापुढे हात जोडायचे नाहीत, कुणाचा प्रसाद घ्यायचा नाही, हे पाठ असून मी शेजारच्या भटूदादाकडे गणपतीचा मोदक खाल्ला.

नळ गेला.

गायत्री


आश्रम, तापीकाठ, जि. जळगाव
२ जुलै १९९२

चि. गायत्रीस आशीर्वाद.

पुरावे वाचले. पसंत पडले नाहीत.

ऐकणाऱ्यांची तोंडं वाचता येणं हा दोष नव्हे. आमचे महंतबाबा चाळीस वर्षं निरूपण करतात, पण समोरचा झोपलाय हे त्यांना अजून कळत नाही. तू वाल्मिकला भिंतीशी बसवलंस ते योग्य केलंस. पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येत असेल तर खाली गोणपाट टाक.

मोदकाबद्दल. मोदक एक होता की अनेक? एक असेल तर ती चूक आहे, अनेक असतील तर आवड आहे. दोन्हींवर आश्रमात उपाय आहे, कारण इथे गोड वर्षातून चारदा मिळतं.

नालायकीचा दाखला हवा असेल तर दोष जरा अंगापिंडाचे पाठव. इथे माझ्याबरोबर अकरा तपस्विनी राहतात, त्यातल्या प्रत्येकीचे दोष तुझ्यापेक्षा मोठे आहेत.

वाल्मिकला माझा आशीर्वाद सांग. सुंदरावहिनीला विचार, गुडघा कसा आहे.

सरलाबाई


भेस्तान, सुरत
१६ ऑगस्ट १९९२

फुई, दंडवत प्रणाम.

मोदक अनेक होते.

आता मोठा दोष घ्या. आमच्या गल्लीतलं गणेश मंडळ दर वर्षी सजीव देखावा करतं. म्हणजे माणसं सोंग घेऊन उभी राहतात, पडदा उघडतो, टेपवर गोष्ट वाजते आणि चार मिनिटं कुणी हलायचं नाही. परीक्षक येतात, नंबर काढतात. गेल्या वर्षी आमच्या भीमानं परीक्षकांसमोर डास मारला. दुर्योधन हसला. शेवटून पहिला नंबर आला.

भटूदादा मंडळाचा अध्यक्ष आहे, टेम्पो चालवतो. परवा तो ओट्यावर कपाळाला हात लावून बसला होता. मी त्याला म्हटलं, तुम्ही माणसं चुकीची निवडता. लूमवर तुटलेले धागे जोडणाऱ्याचा हात हलत नाही, त्याला पुढे उभा करा. आणि पडदा सगळा एकदम उघडू नका, आधी पाय दिसू द्या. तो म्हणाला, "बेन, तूच कर ना मग."

फुई, मी हो म्हटलं. महानुभावांची पोर गणपतीच्या मांडवात. आबांना माहीत नाही. मायला माहीत आहे, पण ती म्हणते की मी तिला सांगितलेलंच नाही.

देखावा गोवर्धनाचा. कृष्ण डोंगर उचलतो, खाली गवळी काठ्या लावून उभे. कृष्ण झालाय लोटू, लूमवाला, बारीक, डोळे चांगले. दहा दिवस गुटखा बंद केलाय त्याचा. डोंगर बांबू आणि पोत्यांचा. त्यावर घालायला कापड हवं होतं म्हणून मी आबांकडे शाळेच्या कामाला म्हणून मिलमधला रंग चुकलेला कपडा मागितला. मिलवाले मेहंदी रंग करायला गेले होते, चिखल झाला. डोंगराला त्याहून चांगला रंग मिळाला नसता.

इतकं खोटं, इतका परका देव. दाखला द्यायला हरकत नसावी.

जाता जाता दोन शंका. हात वर धरला की मिनिटभरात थरथरतो, तर काय करावं? आणि हसू आलं तर? या शंका धार्मिक आहेत असं समजून उत्तर द्यावं.

गायत्री


आश्रम, तापीकाठ
२३ ऑगस्ट १९९२

चि. गायत्रीस आशीर्वाद.

शंका धार्मिकच आहेत. आम्ही रोज पहाटे दोन तास हलत नाही, ते काय उगाच?

हात स्थिर ठेवायचा तर हाताचा विचार करायचा नाही. पायाच्या अंगठ्याचा करायचा. पापणीचं म्हणशील तर पडद्याआड डोळे मिटून घ्यावेत आणि पडदा सरकताना उघडावेत, मग बराच वेळ लवत नाहीत. हसू दाबलं की वाढतं. जिभेचं टोक टाळूला लावावं. मला पंधराव्या वर्षी स्मरणाला बसलं की फार हसू यायचं, त्यावरून सांगते. खाज सुटली तर ती आपली नाही, शेजारणीची आहे असं समजावं. ही शेवटची युक्ती शास्त्रात नाही, प्रमिलाबाईंची आहे. त्या आमच्यात सर्वांत थोरल्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या.

आता मुख्य गोष्ट. गोवर्धनाच्या प्रसंगात श्रीकृष्ण लोकांना काय सांगतात? इंद्राची पूजा सोडा, देवतांच्या मागे लागू नका. म्हणजे तू गणपतीच्या मांडवात, गणपतीच्या वर्गणीतून, आपल्या पंथाची शिकवण दाखवते आहेस. मंडळाच्या हे लक्षात आलंय का? आलं नसेल तर आणून देऊ नकोस.

हा दोष म्हणून मी महंतबाबांना कसा सांगू? ते तुला उद्याच बोलावतील.

वाल्मिकशी खोटं बोललीस, तेवढं मात्र वाईट. त्याला कळेल. कळलं की खरं बोल.

सरलाबाई

ता.क. तुझी पत्रं मी एकटीच वाचते असं नाही. देखाव्याचं काय झालं ते सविस्तर लिही, इथे बारा जणी थांबल्या आहेत.


भेस्तान, सुरत
१३ सप्टेंबर १९९२

फुई, आणि बाकी सगळ्या बाया, दंडवत प्रणाम.

पहिल्या संध्याकाळी पडदा वर गेला. आधी चिखलातले पाय, मग काठ्या, मग तोंडं, सगळ्यात शेवटी लोटूचा हात. लोटूनं अंगठ्याचा विचार केला, अकरा गवळ्यांनी जीभ टाळूला लावली. चार मिनिटं झाली आणि कुणी हललं नाही.

मी बाजूला टेपपाशी बसले होते. पडदा पडतो न पडतो तोच गर्दीतून आवाज आला, "हाऊ डोंगर मन्हा शे."

आबा होते, डोंगर आपला म्हणत होते. मिलमधून परत येत होते, हातात डबा. कापडाचा रंग त्यांनी ओळखला. भटूदादाला वाटलं कुणी पिऊन आलंय, तो त्यांना बाजूला घ्यायला गेला. आबा म्हणाले, "हा लॉट माझ्या हातून बिघडलाय. मला रंग सांगू नका. पोर कुठंय?"

मी पुढे गेले. तुम्ही सांगितलं होतं म्हणून खरं बोलले. "कपडा शाळेसाठी नव्हता. हे सगळं मी बसवलं."

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही, डोंगराकडे बघितलं. म्हणाले, "उजवा हात का?"

"काय?"

"श्रीकृष्णानं डाव्या हाताच्या करंगळीवर उचलला. तुझ्यानं उजवा वर केलाय. आणि सात दिवस पाऊस पडतोय ना? मग गवळी कोरडे कसे?"

घरी गेल्यावर बोलतील म्हणून मी वाट बघत होते. माय आधीच म्हणत होती, "पोरले काही बोलू नका." ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी बादली आणि तांब्या घेऊन मांडवात हजर. बाराही जणांना स्वतः भिजवलं. मग गणपतीकडे पाठ करून, हात मागे बांधून, देखाव्यासमोर उभे राहिले. कुणी आरतीचं ताट पुढे केलं तर म्हणायचे, "मी फक्त श्रीकृष्णाला बघायला आलोय." नऊ दिवस आले. डावा हात वर करून लोटूची काय दशा झाली ते विचारू नका, पण त्यानं केलं. दुसरा नंबर आला. परीक्षक म्हणाले, पाणी निथळत होतं ते फार खरं वाटलं.

आता वाईट बातमी. काल जेवताना आबा मायला म्हणाले, "आश्रमले अशीच पोर पाहिजे. आता मला काळजी नाही."

फुई, मी माझ्या हातानं खड्डा खणला. त्यांना इतकं खूश मी कधी बघितलं नव्हतं, म्हणून तोंडावर नाही म्हणता येत नाही. आतापर्यंत मी गंमतीत लिहीत होते. हे गंमतीत नाही. मला यायचं नाही. माणसांना उभं करायचं, उजेड कुठून येतो ते बघायचं, हे मला आवडतं, आणि ते कुठे शिकवतात ते मला माहीत नाही, पण आश्रमात शिकवत नसणार. तुम्ही आबांना लिहा.

गायत्री


आश्रम, तापीकाठ
३० सप्टेंबर १९९२

चि. गायत्रीस आशीर्वाद.

वाल्मिकला वेगळं पत्र लिहिलं आहे. परीक्षा झाल्यावर मे महिन्यात तो तुला इथे घेऊन येईल. आश्रमाचा मेळावा तेव्हाच असतो. बोललेला शब्द पाळायचाच असतो, त्यात मी पडणार नाही.

कपडे एका महिन्यापुरते आण. जास्त ठेवायला इथे जागा नाही.

अभ्यास कर. गणितात काठावर असतेस असं वहिनीनं कळवलं आहे.

सरलाबाई


भेस्तान, सुरत
२२ जानेवारी १९९३

तपस्विनी सरलाबाईंना दंडवत प्रणाम.

दंगलीचा कर्फ्यू उठून बरेच दिवस झाले. पोस्ट सुरू आहे. पत्र आलं नाही ते त्यामुळे नाही, मला लिहायचं नव्हतं.

तुम्ही माझी पत्रं बाराजणींत वाचून हसलात आणि शेवटी आबांचीच बाजू घेतलीत. मे महिन्यात येईन. शंका संपल्या आहेत, यापुढे विचारणार नाही.

गायत्री वाल्मिक पाटील


भेस्तान, सुरत
११ जून १९९३

फुई,

महिनाभर तुझ्या शेजारी झोपल्यावर 'तुम्ही' जमत नाही.

घरी पोचलो. गाडीत नंदुरबार आल्यावर आबा एकटेच हसले. माय स्टेशनवर आली होती. तिला वाटलं होतं आबा एकटेच उतरतील. मला बघितल्यावर तिनं पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

मी आल्या आल्या तू माझ्या हातात झाडू दिलास आणि आठ दिवस एक शब्द नीट बोलली नाहीस, म्हणून मी तुझा किती राग केला ते आता सांगून टाकते. नवव्या दिवशी म्हणालीस, "मेळाव्याला देखावा हवा. सुदामा आणि पोहे. बस कामाला." मला तेव्हाही कळलं नाही.

लूमवाल्यांना उभं करताना ते हलतील याची भीती असते. तुमच्याकडे उलटंच. प्रमिलाबाई सुदामा होऊन उभ्या राहिल्या, देखावा संपला, लोक उठले, तरी त्या आणि बाकीच्या जागच्या हलेनात. पाव तासानं प्रमिलाबाईंनी डोळा उघडला आणि विचारलं, "झालं का?" मी असा नटसंच पुन्हा बघणार नाही.

आणि महंतबाबांची सावली कृष्णाच्या तोंडावर पडत होती म्हणून मी त्यांना तीनदा उठवून सरकवलं. भरसभेत. तू तेव्हा खाली बघत होतीस. तुझे खांदे हलत होते.

आता मुद्द्याचं. शेवटच्या दिवशी आबा विडा-नारळ घेऊन बाबांपुढे बसले. मी मागे. बाबांनी विचारलं, "वाल्मिक, पोर दिली?"

"दिली."

"घेतली. आता ती आश्रमाची. म्हणजे ती कुठे राहील, काय शिकेल, ते आश्रम ठरवील. कबूल? कबूल?"

"कबूल."

"मग आश्रमाचा निर्णय असा की तिनं सुरतेला राहावं आणि कॉलेजात शिकावं."

आबांनी तोंड उघडलं. बाबा म्हणाले, "शिवाय, ही इथे राहिली तर मला माझ्याच आश्रमात बसायला-उठायला तिची परवानगी लागेल." सगळी सभा हसली. आबाही हसले, आणि हसल्यावर माणसाला भांडता येत नाही.

फुई, मी ऐकणाऱ्यांची तोंडं बघते हे तुला माहीत आहे. त्या दिवशी मी बोलणाऱ्याचंही बघितलं. बाबा प्रत्येक वाक्याआधी तिसऱ्या खांबाकडे बघत होते. तिसऱ्या खांबापाशी तू सूप घेऊन उभी होतीस. तू सुपावर बोट आपटलंस की बाबा पुढचं वाक्य म्हणायचे. एकदा तू दोनदा आपटलंस, तर बाबांनी 'कबूल?' दोनदा विचारलं.

मला देखावा बसवता येतो असं मला वाटत होतं.

गायत्री


आश्रम, तापीकाठ
४ जुलै १९९३

चि. गायत्रीस आशीर्वाद.

सुपात खडे होते. तांदूळ निवडताना बोट आपटावं लागतं.

महंतबाबा कुणाच्या सांगण्यावरून बोलत नाहीत. मेळाव्याच्या आधी आठ दिवस मी त्यांना रोज दुपारी ताक नेऊन देत होते आणि ताक पिताना ते माझं बोलणं ऐकत होते, एवढंच. तू भेटशील तेव्हा शब्द द्यावा लागेल की हे वाल्मिकला कळणार नाही.

'एका महिन्यापुरते कपडे' असं मी स्पष्ट लिहिलं होतं. वाक्य नीट वाचायला शीक.

आता एक गोष्ट लिहिते, ती मोठ्यानं वाचायची नाही. मला चौदाव्या वर्षी इथे दिलं. एकोणीसशे एकसष्ट साल. माझं नाव तेव्हा चंचल होतं. कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हेही मला ठाऊक नव्हतं. वाल्मिक नऊ वर्षांचा होता. माझं गाठोडं डोक्यावर घेऊन तो एसटीपर्यंत आला. ताईला कुठे नेतात, कधी परत आणतात, हे विचारत होता, आणि आमचे वडील त्याला सांगत होते की ताई सुखाच्या जागी चालली आहे.

पुढे मी घरी जी पत्रं लिहिली त्यात तक्रार कधी लिहिली नाही. मला वाटे, लहान भाऊ वाचेल, रडेल. त्यानं ती सगळी खरी मानली. जगातली सर्वांत सुखाची जागा हीच, असं त्याच्या मनात बसलं. म्हणून तू मरायला टेकलीस तेव्हा तो तुला इथे द्यायचं बोलला. त्याच्याजवळ देण्यासारखं सगळ्यात चांगलं तेच होतं. दोष त्याचा नाही, माझ्या पत्रांचा आहे.

ही जागा सुखाची आहेच. मी आज खोटं लिहीत नाही. पण मला ती सुखाची व्हायला अकरा वर्षं लागली. त्या अकरा वर्षांत मी काय काय केलं ते प्रमिलाबाईंना माहीत आहे, त्यांनी मला दोनदा गावच्या वेशीवरून परत आणलं. तुझी अकरा वर्षं वाया घालवण्याचा अधिकार मला नव्हता.

कॉलेजात नाव घाल. गणित नसलेलं काहीतरी घे.

सरलाबाई


भेस्तान, सुरत
२० मे १९९६

फुई,

बी.ए. झाले. तीन वर्षं एका व्हिडिओवाल्याबरोबर लग्नांचं शूटिंग करते आहे हे तुला ठाऊक आहे. आता पुण्याला सिनेमा शिकायला जायचंय. परीक्षा दिली, मुलाखत झाली, घेतलं त्यांनी.

आबांना सांगितलं. ते नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "तू माझी कुठे आहेस? तुला आश्रमाला दिलंय. आश्रमाला विचार." मला वाटतं त्यांनी तुला पकडलंय.

लवकर लिही. फी भरायची तारीख जवळ आहे.

गायत्री


(पोस्टकार्ड)
आश्रम, तापीकाठ
२५ मे १९९६

श्री. वाल्मिक पाटील यांस. आश्रमाची आज्ञा: गायत्रीने पुण्यास जावे. खाण्याची आबाळ करू नये. महंतबाबांना विचारले आहे. ते ताक पीत होते, मानेने हो म्हणाले.

सरलाबाई


मुंबई
१८ जानेवारी १९९९

फुई,

मी केलेला पहिला सिनेमा येत्या एकतीस तारखेला, रविवारी सकाळी अकराला टीव्हीवर दाखवणार आहेत. बावीस मिनिटांचाच आहे. तुम्हा बायांना टीव्ही बघायचा नसतो हे माहीत आहे, म्हणून ही फक्त बातमी.

दुसरी गोष्ट लिहायला चार दिवस घेतले. सिनेमा एका मुलीचा आहे. तिला आश्रमात देतात, धाकटा भाऊ गाठोडं घेऊन एसटीपर्यंत येतो. बारडोलीजवळच्या उसाच्या रस्त्यावर घेतला. भटूदादानं टेम्पो दिला, लोटूनं कंडक्टर केला. मी तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस असं नाही, तू 'बघू' म्हणाली असतीस, आणि मला धीर निघाला नसता. विचारायचं असतं हे तूच मला लिहिलं होतंस आणि मीच विचारलं नाही.

आबांना सांगितलेलं नाही की ती मुलगी कोण. ते सगळ्या गल्लीला बोलावून बघणार आहेत. मला भीती वाटते. रागाव, पण पत्र पाठव.

गायत्री


आश्रम, तापीकाठ
१६ फेब्रुवारी १९९९

चि. गायत्रीस आशीर्वाद.

आम्ही टीव्ही बघत नाही. भिक्षेला मात्र जातो. एकतीस तारखेला भिक्षेसाठी आम्ही सरपंच हिलाल अण्णांच्या घरी गेलो. एरवी दोघी जातात, त्या दिवशी दहा जणी गेलो. वेळ पावणेअकराची झाली, हा योगायोग. टीव्ही त्यांचा, चालू त्यांनी केला. अण्णांच्या सूनबाईंनी पीठ आणायला अर्धा तास लावला, कारण तीही बघत होती. डोळे मिटून घ्यायला हवे होते, ते राहून गेलं.

मी रागावले आहे. न विचारता केलंस म्हणून. हा राग मी पुढच्या मेळाव्यापर्यंत ठेवणार आहे, तोवर माफी मागायला येऊ नकोस, मेळाव्याला ये.

आता सिनेमाबद्दल. मुलगी जरा जास्त गोरी आहे. ऊस छान. लोटूला तिकीट फाडता येत नाही. शेवटी गाडी सुटते आणि ती मुलगी मागच्या काचेतून भावाकडे बघत राहते, तो दिसेनासा होईपर्यंत. फुई म्हणून तुला सांगते, मी तसं बघितलं नव्हतं. मी समोर ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत बसले. मान वळवली असती तर मी गाडीतून उतरले असते. तुझ्या सिनेमातल्या मुलीनं बघितलं आणि तरी ती गेली. मला ते तेव्हा सुचलं असतं तर बरं झालं असतं.

वाल्मिक ओळखणार नाही असं तुला वाटलं असेल. त्यानं गाठोड्याची आपल्या घरची गाठ ओळखली. गेल्या मंगळवारी तो एकटा इथे आला, न कळवता. रजा टाकून आला होता. मी ओट्यावर शेंगा निवडत होते. तो समोर बसला, तोही शेंगा निवडू लागला. सिनेमाचं नाव काढलं नाही. अर्ध्या शेंगा निवडून झाल्यावर म्हणाला, "चंचल, तू त्या दिवशी मागे का नाही पाहिलं? मी गाडीमागे पळत व्हतो."

मला माहीत नव्हतं तो पळत होता. अडतीस वर्षं माहीत नव्हतं.

मग मी त्याला सांगितलं. मागे का बघितलं नाही तेही, आणि पत्रांत जे कधी लिहिलं नाही तेही. तासभर लागला. तोही बोलला. मधे प्रमिलाबाई काठी टेकत आल्या, आमची तोंडं बघितली आणि परत गेल्या. संध्याकाळच्या गाडीला मी त्याला सोडायला फाट्यापर्यंत गेले.

त्यानं काय सांगितलं ते लिहिणार नाही. तू लगेच त्याचा सिनेमा करशील.

सरलाबाई